राखलेलं तळं

एका गावात एक तळं होतं. गावाचं नाव थांगचुक. हिमालयाच्या पलीकडच्या अंगाला, उंचावर वसलेलं. हिवाळ्यात तिथं थंडी अशी, की चुलीवरचा चहा अंगणात नेईस्तोवर गार व्हायचा. तळ्याचं पाणी तर दगडच व्हायचं, आणि त्या दगडावर थांगचुकची माणसं हॉकी खेळायची. बुटांच्या तळाला लोखंडी पाती, हातात काठी, मधे लाकडाची एक चकती. चकती समोरच्याच्या जाळ्यात घातली की गोल. खेळ एवढाच. पण थांगचुकचे लोक तो असा खेळायचे, की बघणाऱ्याचा घास हातातच राहायचा.

दर हिवाळ्यात त्यांचा डोंगराखालच्या रुमदो गावाशी मोठा सामना व्हायचा. जिंकेल त्या गावात वर्षभर तांब्याचा नगारा राहायचा. मूल जन्मलं की नगारा, पीक हाती आलं की नगारा, म्हातारं माणूस गेलं की शेवटचा ठोकाही त्याच्यावरच. हा नगारा थांगचुकच्या बाहेर गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. रुमदोची पोरं जन्मायची ती बिचारी मुकाट्यानं.

थांगचुकच्या संघाचा कप्तान होता मुतुप. त्याच्या बापानं जाताना त्याला एकच सांगितलं होतं, "नगारा डोंगर उतरता कामा नये." मुतुपनं तो उतरू दिला नाही. पुढं तो म्हातारा झाला, गाव त्याला मेमे म्हणू लागलं. मेमे म्हणजे आजोबा. त्यानं खेळणं सोडलं, पण संघ त्याच्याच शब्दावर चालायचा.

त्या गावात एक जुनी रीत होती. सामन्याच्या आदल्या दिवशी घराघरातून एकेक हंडा पाणी आणून तळ्यावर ओतायचं. ते गोठलं की जुने चरे बुजायचे आणि बर्फ गुळगुळीत व्हायचा. रीत चांगली होती. बिघडलं ते पुढं.

एका वर्षी ऐन सामन्यात थांगचुकच्या एका गड्याचं पातं चऱ्यात अडकलं आणि तो तोंडावर आपटला. सामना तरी त्यांनीच जिंकला, पण मुतुपचं डोकं फिरलं. "पोरांनी दिवसभर नाचून तळ्याचं पार नांगरलेलं शेत केलंय," तो म्हणाला. "आजपासून तळ्यावर फक्त संघ. बाकी कुणी पाय ठेवायचा नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. तळं म्हणजे गावाची शान, ती राखायलाच हवी. काठावर एक राखणदार बसवला. वर्षातून एकदा ओतायचं पाणी आता रोज संध्याकाळी ओतलं जाऊ लागलं. एक साधी गोष्ट मात्र कुणाच्या डोक्यात आली नाही. जे गडी सामने जिंकत होते, तेसुद्धा कधीतरी पोरंच होते आणि त्याच तळ्यावर नाचले होते.

मुतुपला यांगडोल नावाची नात होती. लहानगी, पण बर्फावर भिंगरी. पहिल्याच दिवशी राखणदारानं तिला दंडाला धरून घरी आणून सोडलं. मुतुपनं स्वतःच्या हातानं तिचे बूट काढले आणि खुंटीला टांगले.

"मोठी झालीस की खेळ," तो म्हणाला.

"पण मेमे, मोठं होईपर्यंत काय करू?"

"काठावर बसून बघ."

पोर बसली बघत. सगळीच पोरं बसली. पुढंपुढं बघायचाही कंटाळा आला, आणि ती घरात शेकोटीजवळ बसू लागली.

आता रुमदोचं ऐका. त्यांच्याकडं तळंबिळं काही नव्हतं. गिरणीमागं एक डबकं, आणि त्यातून वर आलेले धोंडे. पण उजाडलं की अख्खं गाव त्या डबक्यात. मुलं, मुली, मेंढ्या राखणारे, गिरणीवाला, त्याची बायको. बूट सगळ्यांना पुरायचे नाहीत, मग एकानं उतरवायचे आणि दुसऱ्यानं चढवायचे. धोंडे चुकवता चुकवता त्यांच्या पायांना अशी सवय लागली, की मनात येईल तिकडं पाय वळायचा. थांगचुकचे लोक जाता येता ते बघायचे आणि हसायचे. "हे धोंड्यांशी खेळतात," म्हणायचे.

वर्षं गेली. थांगचुक जिंकत राहिलं. आधी दहा गोलांनी जिंकायचं, मग चार गोलांनी, मग दोन. दर वेळी काहीतरी कारण निघायचं. एकदा वारा उलटा होता. एकदा ऊन डोळ्यांवर येत होतं. एकदा म्हणे गोलकीपरची दाढ दुखत होती. आता दाढेचा आणि गोलाचा काय संबंध? पण लोकांना पटलं. माणसाला जे पटवून घ्यायचं असतं ते पटतंच. मग एका वर्षी थांगचुक एकाच गोलानं जिंकलं, तोही शेवटच्या क्षणी, रुमदोचा गडी घसरून पडला म्हणून.

त्या सामन्यानंतर गाव चौकात जमलं. नगाऱ्यापुढं चहा झाला, सत्तूचे लाडू झाले. तेव्हा यांगडोल उभी राहिली. ती आता मोठी बाई झाली होती.

"मेमे, एक विचारू? आपल्या संघातला सगळ्यात लहान गडी कोण?"

"रिगझिन," मुतुप म्हणाला.

"त्याची थोरली मुलगी सासरी गेली."

रिगझिन खाली बघत आपला गुडघा चोळत होता.

"खरं सांगा," यांगडोल म्हणाली, "आपण मागं पडतोय ना?"

सगळं गाव मुतुपकडं बघू लागलं. आणि पोरांनो, मुतुपला ठाऊक होतं. त्याचे डोळे म्हातारे होते, आंधळे नव्हते. आपले गडी गुळगुळीत बर्फावर नाकासमोर पळतात, जरा वळायचं झालं की धडपडतात, हे त्यानं स्वतः पाहिलं होतं. 'हो' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. तळं दुसऱ्याच दिवशी मोकळं झालं असतं. पण 'हो' म्हणायचं तर पुढचंही म्हणावं लागलं असतं, की पोरांना मीच हाकललं, चूक माझी. तेवढं त्याच्याच्यानं होईना.

"नगारा कुठं टांगलाय?" त्यानं विचारलं.

"इथंच," लोक म्हणाले.

"मग कसलं मागं पडतोय?"

लोकांना हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी काठावर आणखी एक राखणदार बसवला.

पुढच्या हिवाळ्यात थांगचुक हरलं. एका गोलानं नाही, दोन गोलांनीही नाही. किती गोलांनी, ते विचारूच नका, सांगताना मलाच लाज वाटते. बर्फ मात्र त्या दिवशी असा झाला होता, की त्यात स्वतःचं तोंड दिसावं. रुमदोच्या पोरींनीसुद्धा गोल घातले. त्यांचा कप्तान सामन्यानंतर मुतुपच्या पाया पडला. "मेमे, बर्फ फार छान राखलाय हो तुम्ही," तो म्हणाला. टोमणा नव्हता तो, मनापासून म्हणाला बिचारा. म्हणूनच जास्त लागलं.

नगारा डोंगर उतरला. त्याच आठवड्यात रिगझिनला नातू झाला. बायका सवयीनं चौकात जमल्या, रिकाम्या खुंटाकडं बघितलं आणि आपापल्या घरी गेल्या.

मुतुप घरी आला. त्यानं खुंटीवरचे ते छोटे बूट काढले, धूळ पुसली आणि यांगडोलपुढं ठेवले.

"जा," तो म्हणाला, "खेळ."

यांगडोलनं बूट हातात घेतले आणि उलटसुलट करून बघितले. तिला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं.

"मेमे, यात माझा पाय मावत नाही आता."

मुतुप ते बूट घेऊन तसाच तळ्यावर गेला. राखणदारांना त्यानं घरी पाठवलं आणि गावातली सगळी पोरं बोलावली. पोरं आली, काठावर रांगेत उभी राहिली. "या," मुतुप म्हणाला, "तळं तुमचं आहे. नाचा, पळा, हवं ते करा." एकही पोर पुढं सरकेना. त्यानं एका लहान मुलीपुढं बूट धरले. ती आईच्या मागं लपली.

"मेमे," ती म्हणाली, "चरे पडतील ना."

म्हाताऱ्याला भडभडून आलं. "पडू देत," तो म्हणाला. "पडायलाच हवेत." पण पोरं हलेनात. तेव्हा तो स्वतः बर्फावर उतरला, गुडघे टेकून बसला, आणि त्या छोट्या बुटाच्या पात्यानं त्यानं एक लांब चरा ओढला. "हे बघा," तो म्हणाला, "पडला चरा. काय झालं? काही झालं का?"

पोरांचे चेहरे पांढरे पडले. कुणी देवाची मूर्ती फोडावी आणि आपण ते बघावं, तशी ती त्याच्याकडं बघत होती. मग एकेक करून मागं सरकली आणि घराकडं पळत सुटली. तळ्याच्या मधोमध म्हातारा एकटाच बसून राहिला. आता समजून काही उपयोग नाही, हेही त्याला तेव्हाच समजलं.

संध्याकाळ झाली. घराघरातून बायका नेहमीप्रमाणं हंडे घेऊन निघाल्या. त्यांच्याबरोबर पोरंही होती. त्यांनी म्हाताऱ्याला हळूच बाजूला बसवलं, त्या चऱ्यावर पाणी ओतलं, आणि तो बुजेपर्यंत सगळेजण काठावर थांबले.

तात्पर्य: जिंकलेलं जपायच्या नादात जिंकणारी माणसं घडवायची राहून जातात, आणि चूक कबूल करायला उशीर केला, तर ती सुधारायला पुढं कुणी उरत नाही.