देवघराची दोन दारं

आप्पासाहेब देसायांपुढे अख्खा गाव हात जोडी. त्यांचे स्वतःचे हात मात्र कधी देवापुढेही जुळले नव्हते. नव्या बंगल्यात बायकोच्या हट्टाखातर देवघर करायचं ठरलं, तेव्हा त्यांनी लाटांसारख्या रेषांची शिसवाची एक जाड फळी आणली आणि तोंडानं फटकळ असलेल्या यशोदा मिस्त्रिणीला बजावलं, "दोन्ही दारं हुबेहूब हवीत. नाहीतर बंबात घालीन!"

यशोदानं फळी जाडीतून चिरली, पुस्तकासारखी उघडली आणि त्याच दोन पानांची दारं करून बसवली.

आप्पासाहेब दारांपुढे उभे राहिले आणि कडाडले, "एकाच्या लाटा डावीकडे वळतात, दुसऱ्याच्या उजवीकडे. हे हुबेहूब? पेटवा बंब!"

यशोदा म्हणाली, "आधी दोन्ही तळहात समोर धरा. अंगठे एकाच बाजूला आहेत?"

"नाहीत."

"मग यातला कुठला हात बंबात घालू?"

आप्पासाहेब आपल्याच तळहातांकडे पाहू लागले.

"आता जुळवा बघू."

त्यांनी जुळवले. बोटाला बोट लागलं, अंगठ्याला अंगठा.

"दोन्ही उजवेच असते, तर असे जुळले असते का?"

तेवढ्यात मागून बायकोचा आवाज आला, "अहो, हात तसेच राहू द्या. मी निरांजन लावते."