चांदीची कुदळ

सोनखडीच्या राजाने कोरड्या माळावर तळं खणायचं ठरवलं. पहिली कुदळ मारायचा मान मिळाला सरदार खंडेरावांना. चांदीची कुदळ जमिनीला नुसती टेकवून सरदारांनी अशा काही आरोळ्या ठोकल्या, की आभाळातली घारसुद्धा बिचकली. दुसऱ्या दिवशी स्वारी दरबारात हजर!

"महाराज, या तळ्याची तळमळ माझ्याइतकी कुणाला आहे? ओरडून ओरडून घसा कोरडा पडला! कामाचा मुखत्यार मलाच नेमा."

राजाला कुतूहल वाटलं. त्याने कारभारी विसाजीपंतांना विचारलं, "पंत, तळमळ म्हणजे नेमकं काय हो? ती ओळखायची कशी?"

"तळं रद्द झाल्याची दवंडी पिटवा," पंत म्हणाले, "आणि भांडायला कोण येतं ते बघा."

दवंडी पिटली. सरदार धावत आले आणि मुजरा करून म्हणाले, "वा महाराज! तिथे तर महालच शोभेल. पहिली कुदळ मीच मारतो!"

तेवढ्यात पहारेकऱ्याला बाजूला सारून चिमाई आत घुसली. माळापलीकडच्या वस्तीतली ही बाई रोज कोसभरावरून पाणी आणायची.

"राजा, तुझं मन फिरलं तर फिरू दे. आम्हाला कुदळी तेवढ्या दे, लोखंडाच्या. आम्ही खणतो!"

राजाने तिथल्या तिथे तिलाच मुखत्यार नेमलं. सरदार फणफणले, "आणि माझ्या कोरड्या घशाचं काय?"

पंतांनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"घ्या सरदार. तुमचा घसा एवढ्याने भिजेल. हिचा भिजायला तळंच लागतं."