म्हाळसेचा तिरका रंधा

एका राजाच्या गावाच्या वर, डोंगरात, एक मोठं तळं होतं, बरं का. तळ्याच्या बांधाला पाणी सोडायची दगडी मोरी, आणि मोरीला लाकडी दार. एकदा काय झालं, पाऊस उघडेचना. दार कुजून वाहून गेलं, आणि मोरीतून पाणी धो धो सुटलं. खाली गाव.

मग राजाने हत्तीकडून धोंडा लोटवला. पाण्याने तो भिरकावून दिला. मग लोखंडी पत्रा लावला. तो पानासारखा वाकला. मग राजा स्वतः म्हाळसा सुतारणीकडे धावला. "बाई, काहीतरी कर. बांध खचायला लागलाय."

म्हाळसा घरातली शेवटची सागवानी फळी घेऊन बांधावर आली. पण असल्या पाण्यात दार टिकणार कसं? तेवढ्यात बांधावरच्या झाडाच्या ढोलीतून सुतारपक्षी बोलला, "म्हाळसे, कडा सरळ ठेवू नकोस. उतरत्या तास, आणि रुंद बाजू पाण्याकडे कर. दार बुचासारखं बसेल. पाणीच त्याला दाबून धरील."

आणि त्याने ढोलीतून एक रंधा खाली टाकला. रंधा म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, पण याचा तळ होता तिरका. "चारी कडा होईपर्यंत हा हातातून सोडू नकोस," पक्षी म्हणाला. "सोडलास तर फळी चिरेल."

म्हाळसा तासायला लागली. सर्र, सर्र. मग लोक म्हणाले, "म्हाळसे, पळ, पाणी वाढलं." तिने रंधा सोडला नाही. मग कुणी म्हणालं, "तुझ्या घराची भिंत पडली." तिचे डोळे भरले, पण रंधा सोडला नाही. मग मागून तिची लहानगी लेक ठकू रडत म्हणाली, "आई, माझ्या पायाखालची माती सरकतेय."

आता गं बाई. रंधा सोडला तर गाव जातं, नाही सोडला तर लेक जाते. पण म्हाळसेने आवाज शांत ठेवला. "ठकू, माझा पदर धर. धरलास? आता पाठीवर चढ, आणि गळ्याला मिठी मार."

ठकू चढली. लेकीला पाठीवर घेऊनच म्हाळसेने शेवटची कड तासली.

मग दोर लावून दार पाण्यात सोडलं. ते हललं. पुन्हा हललं. मग पाण्याने जोर केला, आणि दार गच्च बसलं. थेंबसुद्धा गळेना.

राजा तिथेच चिखलात मटकन बसला. मग उठला, आणि म्हाळसेची भिंत त्याने आपल्या हातांनी बांधून दिली, बरं का.

गाव सुखात राहिलं. पाणी तळ्यात निजलं, ठकू आईच्या कुशीत निजली. तुम्हीही मिटा आता डोळे.