लांडग्याचे दात

फार वर्षांपूर्वी इंदूताई नावाच्या कारागिणीने सिनेमासाठी प्लॅस्टिसिनच्या मातीचा पांढरा ससा घडवला. कान जरा जास्तच लांब झाले, म्हणून तिने ते कापून आखूड केले. ससा खूश झाला.

दुसऱ्या दिवशी मेजाच्या टोकाला काळा लांडगा उभा! ताई एक फोटो काढायची, लांडग्याला तीळभर पुढे सरकवायची, की पुन्हा फोटो. सशाची पाचावर धारण बसली. पळणार कसा? पाय टाचण्यांनी मेजाला टोचलेले.

लांडगा अगदी नाकाजवळ आला, तेव्हा ससा रडवेला होऊन म्हणाला, "लांडगेदादा, मला खाऊ नका हो!"

"अरे, मी कुठे येतोय? ती आणतेय मला." लांडग्याचाही आवाज कापत होता.

"मग हे पांढरे दात?"

"तुझ्या कानांची माती उरली होती ना, तिचेच केलेत."