एका स्क्रीनवर एकशे चव्वेचाळीस भाज्या

"तुमच्यापैकीच कुणीतरी माझं हॉटेल बुडवायला बसलंय! गिऱ्हाईक येतं, पाणी पितं आणि उपाशी निघून जातं. कोण करतंय हे?"

हॉटेल ‘सिंहगर्जना’. शुद्ध शाकाहारी! मालक उदाजीराव स्वतःला ‘सरकार’ म्हणवून घेत आणि गल्ल्यामागे सिंहासनासारख्या खुर्चीत बसत. समोर सहा वेटर माना खाली घालून उभे होते.

खरा गुन्हेगार तर टेबलाटेबलावर चिकटवलेला होता. काळा-पांढरा चौकोन! महिन्यापूर्वी सरकारांनी छापील मेनू रद्दीत घातले. आता चौकोनासमोर फोन धरायचा, की भाज्यांची यादी उघडणार. भाज्या किती? एकशे चव्वेचाळीस! माणूस अंगठ्याने यादी सरकवत बसे. शंभराव्या भाजीपाशी पोचेपर्यंत पहिली विसरे आणि शेवटी समोरच्या गाड्यावर जाऊन वडापाव खाई. वेटरने तोंडाने एकही भाजी सांगायची नाही, हा हुकूमही सरकारांचाच.

यादी आणि तिच्यातली भारदस्त नावं रचली होती शहरातून आणलेल्या निनाद सबनीस नावाच्या सल्लागाराने. तो भीतभीत म्हणाला, "सरकार, यादी जरा छोटी करू या का?"

"एकही नाव जायचं नाही! नावं म्हणजे हॉटेलची इज्जत!" सरकार गरजले. "सगळा मेनू एका स्क्रीनवर बसला पाहिजे. यादी सरकवावी लागता कामा नये. अक्षर असं, की म्हातारीलाही चष्म्याशिवाय वाचता यावं. आणि एकशे चव्वेचाळीसपैकी एकही भाजी गळता कामा नये! उद्या दुपारपर्यंत जमलं नाही, तर सहाच्या सहा वेटर घरी!"

चूक सल्लागाराची, शिक्षा वेटरांना! मोठ्या माणसांचा न्याय असा झटपट असतो.

सबनीसने तासभर खटपट केली. सगळी नावं एका स्क्रीनवर बसली, पण खसखशीएवढी! सरकारांनी भिंग मागवलं, डोळा लावला आणि भिंगच भिरकावलं.

"अशक्य आहे, सरकार," सबनीस पुटपुटला.

"मी करते."

स्वयंपाकघराच्या दारात वैजयंता उभी होती. सर्वांत जुने वेटर बळवंततात्या, त्यांची ही मुलगी. सकाळी इथे वाटण करायची, दुपारी कॉलेजात कॉम्प्युटर शिकायला जायची. हात कोपरापर्यंत हळदीने पिवळे.

"तू? वाटणवाली?" सरकारांनी नाक मुरडलं.

"वाटणवालीच. म्हणून तर जमेल! चौकोन तेच ठेवा, त्यांच्यामागचं पान मी बदलते. एक जरी भाजी सापडली नाही, तर वेटरांबरोबर मीही जाते. सगळ्या सापडल्या, तर कुणीच जाणार नाही. कबूल?"

"कबूल!"

तात्यांनी तिला बाजूला ओढलं. "अगं, घरात दोघांचाच काय तो पगार. डोकं फिरलंय का तुझं?"

"तात्या, तुम्ही नावं पाठ केलीत. मी पातेली घासलीत!"

दुसऱ्या दिवशी दुपारी टेबलं भरली. सरकारांनी सगळ्यांदेखत चौकोनासमोर फोन धरला. स्क्रीनवर फक्त एकोणीस ठसठशीत बटणं! वर लाल, पांढरी, हिरवी. मध्ये पनीर, मटार, बटाटा, वांगं अशा बारा वस्तू. खाली लोणी, साय, चीज, काही नाही.

"हा मेनू? माझ्या भाज्या कुठं गेल्या?"

"आहेत की! प्रत्येक ओळीतलं एक बटण दाबा, की भाजी नावासकट उघडते. विचारा."

"शाही पनीर मेहताब!"

"पांढरी, पनीर, साय."

"रणमर्दानी बटाटा!"

"लाल, बटाटा, लोणी."

"पाचूमहाल मटार!"

"हिरवी, मटार, चीज."

सरकारांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. "वांगं सिंहगर्जना स्पेशल! माझ्या खापरपणजोबांच्या मुदपाकखान्यातली गुप्त कृती!"

"लाल, वांगं," वैजयंता म्हणाली, "आणि वरून काही नाही!"

अख्खं हॉटेल खदखदून हसलं.

"खोटं! एकशे चव्वेचाळीस भरतात कुठं?"

"आत ग्रेव्हीची पातेली तीन. परातीत वस्तू बारा. बारा त्रिक छत्तीस. वरून घालायच्या तऱ्हा चार. छत्तीस चोक एकशे चव्वेचाळीस! मी रोज सकाळी तीनच वाटणं करते, सरकार. बाकीचा सगळा स्वयंपाक सबनीससाहेब करतात!"

सबनीस फरशी निरखू लागला.

तेवढ्यात कोपऱ्यातला एक ट्रकवाला ओरडला, "तात्या, एक हिरवी, बटाटा, काही नाही! लवकर आणा, पुढं जायचंय!"

"इकडं लाल, मटार, लोणी!"

"दोन पांढरी, पनीर, साय!"

वेटरांची पळापळ सुरू झाली. महिन्याभरात पहिल्यांदाच गिऱ्हाईक बसलं ते जेवायला! सरकारांनी ओरडायला तोंड उघडलं, भरलेल्या टेबलांकडे पाहिलं, आणि त्या तोंडातून हसूच बाहेर पडलं. असं गडगडाटी, की सिंहासन करकरलं!

"हरलो, पोरी, हरलो! वेटर राहतील. आणि तू माग, काय हवं ते माग!"

"चौथं पातेलं," वैजयंता म्हणाली. "काळ्या मसाल्याचं, आमच्या घरी होतं तसं. त्यात काय आणि किती घालायचं, ते मी ठरवणार."

"दिलं!"

सबनीसने दचकून मान वर केली. "थांबा, थांबा! म्हणजे मला आणखी अठ्ठेचाळीस नावं शोधावी लागणार!"