मंगलहत्तीचा पहिला घास

पूर्वी मृणालवती नगरीत पृथुसेन नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व हत्तीच्या कुळात जन्मला आणि वाढून राजाचा मंगलहत्ती झाला. त्या नगरीत एक जुनी रीत होती. रोज राजाने आपल्या हाताने मंगलहत्तीला पहिला घास द्यायचा. हत्तीने तो घेतल्याशिवाय राजाने तोंडात अन्नाचा कण घालायचा नाही.

पृथुसेनाने ही रीत मोडली नाही, फक्त तिची सोय करून घेतली. त्याने हत्तीला आपल्या शयनगृहाच्या खिडकीखाली बांधायला लावले. दुपारी जाग आली की तो पलंगावरूनच हात बाहेर काढी, हत्ती सोंड वर करी, आणि मग पलंगावरच ताट येई. पलंगावरून राजा झोपाळ्यावर जाई, झोपाळ्यावरून पालखीत. रात्रभर सोंगट्यांचा डाव चाले आणि तळलेले वडे फिरत राहत.

होता होता राजाचे पोट दुखू लागले. छाती धडधडे, झोप येईना, आणि जो समोर येईल तो शत्रू वाटे. त्याने राजवैद्य अत्रिदत्त यांना बोलावले.

"आम्हाला कोणीतरी विष घालतंय. खरं की नाही?"

अत्रिदत्तांना दुखण्याचे कारण दारातच कळले होते. पण ते फार शिकलेले होते, आणि शिकताना प्रत्येक मताच्या विरुद्ध दुसरे मत वाचलेले असल्यामुळे त्यांना कशाचीच खात्री देववत नसे. 'महाराज, आपण फार खाता आणि लोळता' हे वाक्य त्यांच्या जिभेपर्यंत आले, राजाच्या लाल डोळ्यांकडे पाहून परत फिरले, आणि बाहेर पडले ते असे : "महाराज, विषाची शक्यता अगदीच नाकारता येते, असे म्हणता येणार नाही."

राजाने त्यातला एकच शब्द ऐकला. आचारी मंडन कोठडीत गेला. पौर्णिमेला त्याचा शिरच्छेद ठरला.

अत्रिदत्त त्याला भेटायला गेले. मंडन गजांमागून म्हणाला, "वैद्यराज, एवढं सांगा. महाराज माझ्या हातचं ताटामागून ताट जेवले. त्यातल्या कोणत्या ताटात विष होतं? आधीच्यात म्हणाल तर पुढचं मागितलं कसं?"

"तो मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे," अत्रिदत्त म्हणाले.

"मग घ्या की विचारात! मान माझी जातेय."

तिथून ते सरळ हत्तीजवळ गेले. आसपास माणूस नाही असे पाहून राजाला सांगायचे सगळे त्यांनी हत्तीला सांगितले. हत्तीपुढे त्यांना एकही शब्द अडला नाही. बोधिसत्त्वाने कान हलवत सगळे ऐकून घेतले आणि मनात म्हटले, 'हा जाणतो पण बोलत नाही. मला बोलता येत नाही, पण पाय आहेत.'

दुसऱ्या दिवशी राजाने खिडकीतून हात काढला, तर हत्तीने साखळीसकट खुंटा उपटला होता आणि तो अंगणात उभा होता. राजा खिडकीत वाकला, हत्ती मागे सरला. भूक तर लागलेली. शेवटी राजा धापा टाकत जिना उतरला.

पुढे हत्ती वेशीपाशी जाऊन उभा राहू लागला, मग नदीकाठी. पालखी दिसली की तो पाठ फिरवी. ऊन चढले की डोहात शिरे, तो संध्याकाळपर्यंत बाहेर येत नसे.

"अरे कृतघ्ना!" राजा काठावरून ओरडला. "आम्ही उपाशी आहोत!"

माहूत हात जोडून म्हणाला, "महाराज, उजाडता उजाडता आलात तर भेटेल. नंतर तो कुणाचंच ऐकत नाही."

उजाडता उजाडता यायचे म्हणजे लवकर निजायला हवे. सोंगट्या गुंडाळल्या गेल्या, वडे थांबले. राजा रोज शिव्या देत चालू लागला; पुढे शिव्या संपल्या आणि चालणे उरले. पोट हलके झाले, गाढ झोप लागू लागली. एका पहाटे तो वाटेत चक्क गुणगुणला.

पौर्णिमेला घास घेऊन जाताना तो अत्रिदत्तांना म्हणाला, "पाहिलंत? मंडन कोठडीत गेला आणि आम्ही बरे झालो! म्हणजे विष तोच घालत होता. आज निकाल लावून टाकू."

हे मात्र अत्रिदत्तांनी कोणत्याच ग्रंथात वाचले नव्हते.

त्या सकाळी हत्ती नदीवर नव्हता. तो कोठडीच्या दारात आडवा बसला होता. राजाने घास पुढे केला. हत्तीने तो घेतला नाही. तो अत्रिदत्तांकडे पाहत राहिला.

"महाराज," अत्रिदत्त म्हणाले, "विष नव्हतं. आपलं जागरण, आपलं लोळणं आणि आपलं खाणं, एवढंच होतं."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"भीती वाटली."

"आणि आता?"

"आताही वाटते. पण मंडनची मान माझ्या एका वाक्यात अडकली आहे. त्याला कोठडीतच असू द्या. आपण उद्या पूर्वीसारखे दुपारी उठा, पलंगावर जेवा, खुशाल लोळा. पोट दुखलं नाही, तर त्याच्याऐवजी माझी मान घ्या."

हत्तीने सोंड पुढे करून घास घेतला.

राजाला ही परीक्षा फारच आवडली. दुसऱ्या दिवशी हत्ती आपण होऊन खिडकीखाली आला. राजाने पलंगावरून घास दिला, ताटामागून ताट संपवले, वडे मागवले आणि आडवा झाला. बाहेर अत्रिदत्त घामाघूम बसले होते. नेमके आजच या पोटाने सगळे पचवले तर? रोग्याचे पोट दुखावे म्हणून देव पाण्यात ठेवणारा वैद्य त्या नगरीने प्रथमच पाहिला.

दिवेलागणीला आतून आरोळी आली, "मेलो! वैद्यांना बोलवा! मंडनला सोडा! आणि त्या हत्तीला सांगा, आम्ही उजाडताच येतो!"

ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तो पृथुसेन राजा म्हणजे आज उपदेश सुरू होताच घोरू लागणारा हा स्थूलभद्र. मंडन म्हणजे भिक्षेचे अन्न वाटणारा सुदंत. वैद्य अत्रिदत्त म्हणजे हा विमर्शक, जो आजही 'तसे असेलही' म्हणतो, पण वेळ आली की बोलतो. आणि रागावलेल्या माणसाच्या पुढे न रागावता चालत राहिलेला तो हत्ती मीच होतो."

त्या जन्मी बोधिसत्त्वाने क्षांती पारमिता, म्हणजे सहनशीलतेची पूर्णता, जोपासली. हे ऐकताना स्थूलभद्र जागा होता.