नाक्यावर पिकलेला पैसा

मोतीबंदरचे सरदार रायाजीराव भर दरबारात कडाडले, "महाराज, खजिन्यातला निम्मा पैसा आमचा आणि तो खातात घाटावरचे फुकटे! आम्ही आता वेगळं राज्य करणार!"

हे ऐकून दरबारात आलेल्या, कापसाच्या गाड्या घेऊन घाट उतरलेल्या व्यापारी तुळसाबाईंचं डोकं फिरलं. सकाळीच त्यांनी बंदराच्या नाक्यावर जकात भरली होती. तिची पावती नाचवत त्या पुढे आल्या.

"सरदार, हा पैसा कुणाचा?"

"आमच्या नाक्यावर जमा झाला, म्हणजे आमचाच!"

"वा! मग उद्या दानपेटीही म्हणेल, देऊळ मीच पोसते! व्हा खुशाल वेगळे. उद्यापासून आमच्या गाड्या शेजारच्या बंदराला जातील. मग बघू, तुमच्या नाक्यावर किती कापूस पिकतो ते!"